डाग, वांग, काळी मान: पिगमेंटेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीलाच सांगते, इथे गोरं व्हायचे उपाय मिळणार नाहीत. सावळा रंग हा आजार नाही त्यामुळे त्याला ट्रीटमेंटही नाही. पण आपल्याच रंगात मधेच उठलेला डाग, पट्टा, काळवंडलेली मान हा वेगळा विषय आहे, त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण कळायच्या आधीच आपण क्रीम घेऊन मोकळे होतो, सगळा घोळ तिथेच होतो.

पिगमेंटेशन म्हणजे त्वचेत नक्की काय होतं?

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात, एक मेलॅनोसाइट साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. त्या पेशी हे मेलॅनिन आपल्या केंद्रकावर छत्रीसारखं धरतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला डीएनए खराब होऊ नये म्हणून. एवढं कामाचं द्रव्य आहे ते.

गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, बऱ्याच जणांना हे पटत नाही पण तसंच आहे. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांचा आकार, प्रकार आणि ते कसे पसरलेत यात. आपल्याकडच्या त्वचेत या पेशी जरा जास्तच तत्पर, ऊन लागलं, खाजवलं, पुरळ आलं, भाजलं, हॉर्मोन बदलले, काहीही झालं की लगेच जादा मेलॅनिन तयार. ते वरच्या थरात राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि लवकर फिका होतो. खालच्या थरात उतरलं की राखाडी-निळसर दिसतं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम. एकाच क्रीमने मैत्रिणीचा डाग गेला आणि माझा गेला नाही, असं होतं त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

माझा चेहरा एका रंगाचा, हात दुसऱ्या, पाय तिसऱ्या. हे नॉर्मल आहे का?

हो. कोपर, गुडघे, काखा, जांघा, बोटांचे सांधे हे सगळ्यांचेच थोडे गडद असतात. तोंडाभोवती, कपाळाच्या कडेलाही थोडी सावली असते. काही जणांच्या दंडावर समोरून एक उभी रेघ दिसते, बाहेरची बाजू गडद आणि आतली फिकी, तीही जन्माचीच. तुमचा मूळ रंग बघायचा असेल तर दंडाची आतली बाजू बघा जिथे ऊन पोचत नाही. चेहरा त्याच्यापेक्षा गोरा करायच्या भानगडीत पडूच नका.

टू व्हीलरवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून फिरणाऱ्या मुलींना आपल्याकडे लोक हसतात, पण टॅनिंगच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. फक्त स्कार्फ पातळ आणि विरळ विणीचा असेल तर तेवढा फायदा नाही.

गालांवर आणि नाकावर तपकिरी चट्टे आलेत. हे वांग आहेत का? कशामुळे येतात?

दोन्ही गालांवर साधारण सारखे, नाकाच्या दांड्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर मिशीसारखे, कडा वेड्यावाकड्या, खाज नाही, दुखत नाही, असं असेल तर बहुतेक वांगच. डॉक्टर याला मेलास्मा म्हणतात. घरात आजी म्हणणार पित्त झालंय, उष्णता वाढलीय, लिव्हर बघून घे. खरं तर लिव्हरचा काही संबंध नाही.

तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा वांग येतो: घरातली प्रवृत्ती (आईला, मावशीला होते का विचारा), हॉर्मोन आणि ऊन. यातलं आपल्या हातात असतं ते फक्त ऊन, म्हणून डॉक्टर पहिल्या दिवशीच सनस्क्रीनवर येतात आणि आपल्याला वाटतं हे काय औषध दिलं! वांगाच्या बाबतीत अजून एक गोष्ट, नुसते अतिनील किरणच नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेड पण तो वाढवतो. खिडकीच्या काचेतून अतिनील अ किरण आत येतात, म्हणजे रोज खिडकीशेजारी बसून काम किंवा कारमधून दोन तास प्रवास हे पण ऊनच झालं. मोबाइलच्या उजेडाची मात्र भीती नको, उन्हापुढे तो काहीच नाही.

पुरुषांनाही वांग येतात, बायकांपेक्षा कमी पण येतात, विशेषतः दिवसभर उन्हात काम असणाऱ्यांना. पण ते दाखवायला जात नाहीत.

प्रेग्नन्सीत आलेले वांग डिलिव्हरीनंतर जातात का?

बऱ्याच जणींचे काही महिन्यांत फिके होतात, काहींचे राहतात. पोटावरची काळी रेघ पण याच हॉर्मोनमुळे, ती हळूहळू जाते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही वांग येऊ किंवा वाढू शकतात, तसं वाटत असेल तर गोळी मनाने बंद न करता स्त्रीरोग डॉक्टरांशी बोला, दुसरे पर्याय असतात. डागांवरच्या क्रीममध्ये असतात त्यातलं ट्रेटिनॉइन प्रेग्नन्सीत नको, हायड्रोक्विनोनही नको. ॲझेलिक ॲसिड सुरक्षित धरलं जातं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

पिंपल जातो पण काळा डाग मागे राहतो, असं का?

कारण सूज. पिंपल, गजकर्ण, डास चावणं, कुकरच्या वाफेने भाजणं, वॅक्सिंगने आलेलं पुरळ, काहीही असो, सूज उतरली की त्या जागी मेलॅनिन जास्त साठतं. सावळ्या त्वचेत हे जास्त होतं आणि जास्त काळ टिकतं. पिंपल फोडला की सूज अजून खोल जाते आणि डागही अजून गडद. इथे लोकांचा क्रम उलटा असतो, डागाला क्रीम लावत बसतात आणि पिंपल चालूच, मग रोज नवा डाग तयार होत राहणार. आधी पिंपल थांबवायचे, डाग बरेचसे आपोआप फिके होतात, पण काही महिने लागतात.

मान काळी पडलीय, कितीही घासली तरी जात नाही. मळ आहे का?

मळ नाहीये. कृपया घासू नका, आणि मुलगी आंघोळ नीट करत नाही म्हणून तिला बोलू तर अजिबात नका.

मानेवर, काखेत, जांघेत मखमली लागणारा, थोडा जाड, काळपट पट्टा असेल तर त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि त्याचं सगळ्यात कॉमन कारण आहे इन्सुलिन रेझिस्टन्स. म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त बनतं, आणि ते जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढवतं. सोबत मानेवर छोट्या छोट्या चामखिळी लोंबत असतील तर शंका अजूनच पक्की. वजन जास्त, घरात डायबिटीस, मुलींमध्ये पाळी अनियमित आणि पीसीओएस (अंडाशय-हॉर्मोनचा त्रास), असं काही असेल तर क्रीमच्या आधी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या. शाळकरी मुलांमध्येही हे दिसतं हल्ली. वजन थोडं जरी उतरलं, चालणं वाढलं, तरी मान हळूहळू उजळते. या सगळ्या यादीत मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण डायबिटीस व्हायच्या आधी शरीर दाखवून देतंय आणि आपण तिथे दगड घेऊन घासतोय.

एक अपवाद सांगते. वय जास्त, वजन घटतंय, आणि असा काळेपणा अचानक झपाट्याने तळहातावर किंवा तोंडात पण आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा, क्वचित आतल्या कॅन्सरमध्ये असं होतं.

पाठीवर आणि दंडावर काळपट जाळीसारखे डाग आहेत, ते कशाचे?

आंघोळीला काय वापरता? नायलॉनची घासणी, खरखरीत टॉवेल, लूफा? वर्षानुवर्षं रोज जोरात घासलं की हाडांवरच्या जागी, म्हणजे खांदे, पाठ, दंड, नडगी, तिथे असा काळेपणा येतो, आणि काळं दिसतं म्हणून माणूस अजून घासतो. घासणं थांबवणं हाच उपाय, पण सवय मोडायला नको म्हणतात लोक.

दाबाचा पण असाच प्रकार. परकराची नाडी कमरेला घट्ट आवळून बांधणाऱ्या बायकांना कमरेभोवती काळा पट्टा येतो, कधी तिथे खाज, कधी कातडी सोलते. नाडीऐवजी रुंद पट्टी लावली किंवा जागा बदलत राहिलं तर फरक पडतो. (त्या पट्ट्यावर कधी न भरणारी जखम झाली तर मात्र दाखवून घ्या.) मांडी घालून बसणाऱ्यांचे घोटे काळे आणि जाड होतात तेही यातलंच. आणि गरम पाण्याची पिशवी रोज एकाच जागी कमरेला लावली किंवा लॅपटॉप मांडीवर ठेवला तर उष्णतेने जाळीदार तपकिरी डाग येतात.

टिकलीच्या जागी डाग पडलाय. कुंकू, हेअर डाय याने पण होतं का?

होतं, आणि दोन उलट प्रकारांनी होतं. टिकलीच्या मागच्या गोंदात एक रसायन असतं ते काही जणींच्या मेलॅनोसाइटच मारतं, म्हणून तिथे पांढरा ठिपका येतो. अशा वेळी टिकली लगेच बंद, नाहीतर तो वाढत जाऊ शकतो. कुंकवाचं बरोबर उलट. मूळ कुंकू हळदीचं, पण बाजारातल्या स्वस्त कुंकवात कृत्रिम रंग असतात, त्यांची ॲलर्जी झाली की आधी खाज आणि मग काळेपणा. कधी कधी खाज जाणवतही नाही, थेट काळंच पडत जातं, म्हणून कुंकवावर संशय येत नाही कोणाचा.

हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी होऊ शकते. केस रंगवणाऱ्या माणसाचं कपाळ, कानशिलं, मान राखाडी-काळी व्हायला लागली तर पहिला संशय डायवर. काळी मेंदी म्हणून विकतात त्यात पण पीपीडीच असतं, साध्या मेंदीचा रंग काळा नसतोच. सेंट थेट मानेवर मारून उन्हात जाणं हे पण एक कारण. नवीन काय लावायला लागलात त्याची यादी करा, उत्तर बऱ्याचदा त्या यादीतच असतं.

डोळ्याखाली काळी वर्तुळं, झोप पूर्ण होते तरी?

झोपेवर उगाच सगळं खापर फोडतात. तिथली त्वचा खूप पातळ, त्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. काहींचं खानदानी असतं, काहींना ॲलर्जीची सर्दी असते आणि डोळे चोळायची सवय. वय वाढलं की खालच्या खळगीची नुसती सावली पडते, ती क्रीमने कशी जाणार. ओठ काळे असतील तर तंबाखू-सिगरेट, ओठ चाटायची सवय आणि लिपस्टिकची ॲलर्जी एवढं तपासा.

चिकनगुनिया झाल्यावर नाक काळं पडलंय!

घाबरू नका, हे चिकनगुनियाचं ओळखीचं लक्षण आहे. २००६ च्या साथीत डॉक्टरांनी ते नोंदवलं होतं, २०२४ ला पुणे-नागपूरकडे पुन्हा बरेच पेशंट दिसले. ताप उतरता उतरता किंवा नंतर येतं, काही आठवड्यांत-महिन्यांत फिकं होतं. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, बाकी त्यावर काही थापू नका.

आतल्या आजाराने किंवा औषधाने रंग बदलतो का?

बदलतो. बोटांचे सांधे आणि नखांच्या आजूबाजूची जागा काळी पडत असेल, सोबत थकवा, मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, तर बी १२ तपासा. शाकाहारी घरांत बी १२ ची कमी भरपूर, आणि इंजेक्शन-गोळ्यांनी रंग परत येतो. सगळं अंग, हिरड्या, तळहाताच्या रेषा गडद होतायत आणि बीपी कमी, वजन कमी असेल तर ॲडिसन्स म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असू शकतो, तो दुर्मिळ आहे पण चुकवून चालत नाही.

औषधांत मिनोसायक्लिन, ॲमिओडॅरोन, क्लोरोक्विन, काही किमोथेरपी, कुष्ठरोगाच्या गोळ्यांमधलं क्लोफॅझिमिन यांनी रंग बदलतो. म्हणून गोळ्या मधेच सोडू नका, डॉक्टरांना सांगा. अजून एक मजेशीर प्रकार आहे, दर वेळी एखादी ठरावीक पेनकिलर किंवा जुलाबाची गोळी घेतली की ओठावर किंवा हातावर त्याच जागी गोल जांभळट डाग उठतो, तो औषधाचा डाग. त्या गोळीचं नाव लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

मेडिकलमधून आणलेलं क्रीम लावलं, आठ दिवसांत चेहरा उजळला, बंद केलं की लाल होतो. काय करू?

ट्यूबवर बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का? हे स्टेरॉइड. ते सूज दाबतं, रंग फिका करतं, म्हणून पहिले काही दिवस एकदम जादू वाटते. नंतर त्वचा पातळ होते, बारीक लाल नसा दिसायला लागतात, पिंपल, चेहऱ्यावर लव, उन्हात आग, आणि क्रीम थांबवलं की सगळं दुप्पट होऊन परत येतं म्हणून माणूस ते सोडतच नाही. असे पेशंट आपल्याकडे इतके झाले की भारतातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइडने बिघडलेल्या या चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय.

गंमत म्हणजे स्टेरॉइड असलेलं एक मिश्रण खरं औषध आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं, आजही डॉक्टर वांगासाठी ते देतात, पण काही आठवडेच आणि नजर ठेवून. आपण काय करतो, चिठ्ठी एकदाची, ट्यूब पाच वर्षं, वर शेजारणीला पण तीच. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे न जाणारे डाग येतात. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर मिळतातच.

तुमचं आधीच झालं असेल तर एकदम बंद करून घरी सहन करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. वेळ लागतो, पण त्वचा सावरते.

पार्लरमधलं डबीतलं क्रीम किंवा ग्लुटाथायोनचं इंजेक्शन घेऊ का?

नाही. ज्या डबीवर कंपनी नाही, घटक नाहीत, ती चेहऱ्याला लावायची नाही, विषय संपला. अशा क्रीममध्ये पारा सापडतो, पारा मेलॅनिन बनवणारं एन्झाइम बंद पाडतो आणि त्वचेतून रक्तात जाऊन किडनी खराब करतो. केरळात मलप्पुरममध्ये २०२३ ला किडनीचे असे पेशंट सापडले, आपल्याकडे अकोल्यातही पाऱ्याच्या क्रीमने किडनीला त्रास झाल्याची केस त्याच सुमारास बातम्यांत होती. शिरेतून ग्लुटाथायोन देऊन उजळवणं याला आपल्याकडे मंजुरी नाही, आणि सलाईन लावणारी पार्लरवाली ताई रिॲक्शन आली तर काय करणार आहे?

घरगुती उपाय? लिंबू, बेसन, आंबेहळद?

लिंबू नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे ओघळ उठतात, सरबत करून उन्हात गेलेल्यांच्या हातावरही असे डाग येतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट पण नको. बेसन, साय, दिवाळीचं उटणं लावा की, छान वाटतं, फक्त सुकल्यावर खरवडून काढू नका, पाण्याने भिजवून काढा. वांग मात्र त्याने जात नाहीत. हळद लावून पिवळं दिसतं एवढंच.

सनस्क्रीन कोणतं आणि किती?

एसपीएफ ३० किंवा ५०, सोबत पीए (अतिनील अ किरणांसाठीचं माप) आणि पुढे तीन-चार अधिकची चिन्हं. ३० आणि ५० मध्ये फार फरक नाही, साधारण ९७ आणि ९८ टक्के अतिनील ब किरण अडतात, खरा फरक आपण किती लावतो त्याने पडतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. वांग असतील तर रंगीत म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, तेच दिसणारा उजेड अडवतं. पावसाळ्यातही लावायचं. शेतात, साइटवर काम करणाऱ्यांना दर दोन तासांनी लावा म्हणणं मला तरी जमत नाही, त्यांच्यासाठी रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्या आणि दुपारचं काम शक्य तेवढं टाळणं हेच जास्त कामाचं.

काळे नाही, माझे डाग पांढरे आहेत.

छातीवर, पाठीवर बारीक कोंडा सुटणारे ठिपके, घाम आला की वाढतात: शिबं. बुरशी आहे, औषधाने जाते, रंग भरायला मात्र महिने लागतात म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. लहान मुलांच्या गालावर पुसट पांढरे चट्टे आले की जंत झाले, कॅल्शियम कमी आहे असं म्हणतात, बहुतेकदा ती कोरडी त्वचा असते, मॉइश्चरायझर लावा. दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग कोड असू शकतो. कोड संसर्गाने होत नाही, मासे खाऊन दूध प्यायल्यानेही होत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच मेलॅनोसाइटवर उलटते म्हणून होतं, आणि लवकर सुरू केली तर ट्रीटमेंट चांगली लागू पडते. आणि फिकट किंवा लालसर डाग जिथे स्पर्श, गरम-गार कळत नाही तो लगेच दाखवा, कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहेत.

किती दिवसांत फरक पडेल? थेट लेझरच करू का?

वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या आत कुठल्याही चांगल्या क्रीमचा निकाल लावू नका. ॲझेलिक ॲसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड ही सावकाश चालणारी पण बरी मंडळी. एका वेळी एकच सुरू करा, पाच सीरम एकदम लावून चेहरा लाल केला तर त्या लालीचेच डाग. वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्याही देतात, त्या आधी घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का ते डॉक्टरांना सांगा. लेझर आणि पील (रसायन लावून वरची कातडी सोलणं) सावळ्या त्वचेवर चुकीच्या हातात पडले तर डाग वाढतो, आणि वांग तर लेझरनंतर बऱ्याचदा परत येतात. ऑफरमधल्या पॅकेजला भुलू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं आणि काय घेऊन जायचं?

डाग झपाट्याने पसरतोय, खाज किंवा बधिरपणा आहे, तीळ आकार-रंग बदलतोय किंवा रक्त येतंय, तळपायावर किंवा एकाच नखाखाली नवी काळी रेघ रुंद होत चाललीय, तर थांबू नका. भारतीयांमध्ये मेलानोमा (मेलॅनोसाइटचा कॅन्सर) कमी, पण झाला तर तळपाय-नख अशा जागी जास्त सापडतो आणि लोक ते चप्पल लागली म्हणून सोडून देतात. जाताना मेकअप न करता जा. आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी, पार्लरची बिननावाची डबी पण, लाजू नका. चालू गोळ्यांची यादी, आणि डाग नव्हता तेव्हाचा एखादा फिल्टर न लावलेला फोटो मिळाला तर तोही.